सुलूने मांडलेला कॅरम

फोन सुलूच्याच नंबरवरून आला होता, म्हणून मी 'हॅलो'सुद्धा म्हटलं नाही. "काय गं भवाने, विसरलीस ना? येते म्हणालीस आणि मी इथे थालीपिठाचं पीठ मळून वाट बघत बसलेय," अशी जी सुरुवात केली ती बराच वेळ थांबलेच नाही. पलीकडून कोणी उलटून बोलेना, तेव्हा गप्प झाले. सुलू आणि उलटून बोलत नाही, हे काही बरोबर नव्हतं. मग एका पुरुषाचा आवाज आला. "मंगलताई, मी परब, शेजारचा. वहिनींच्या फोनमध्ये तुमचंच नाव पहिलं होतं…" पुढचं मला नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल पण डोक्यात शिरलं नाही. सकाळचं पाणी भरून झाल्यावर सुलू स्वयंपाकघरात खाली बसली, आणि परबांच्या बायकोने हाक मारली तर तिने ओ दिली नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. माहीमहून गिरगावला टॅक्सीने जाताना माझ्या मनात सारखं एकच येत होतं, की आता वसंतरावांचं कसं होणार? आजारी ते होते. कोणी जायचंच असेल तर आधी ते, असं आम्ही सगळ्यांनी मनात धरलेलं होतं. तसं बोलून दाखवत नव्हतो, एवढंच.

सुलूला जाऊन आता महिना उलटून गेला. गिरगावातल्या शाळेत आम्ही दोघी एका बाकावर बसलो आणि नंतरचं सगळं आयुष्य एकमेकींना टाकून बोललो. मी शाळेत भूगोल शिकवायला लागले आणि ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर झाली. बाहेरगावचा फोन आधी नोंदवून मग ताटकळत बसायचे दिवस होते ते. शेकडो नंबर तिला पाठ असायचे; मिठाचा डबा कुठे ठेवलाय ते मात्र रोज शोधायला लागायचं. लग्न झालं ते लालबागच्या वसंतरावांशी. ते मालवणी घरातले, वडील गिरणीत, स्वतः नकाशे काढायच्या नोकरीत. अतिशय शांत गृहस्थ. त्यांचा सगळा आवाज कॅरमच्या पाटावर. चाळीच्या गॅलरीत वाढलेला हात तो. स्ट्रायकर सुटला की सोंगटी कुठल्या भोकात गेली हे आधी त्यांना कळायचं आणि मग आपल्याला. सुलूला त्या खेळात अजिबात गती नव्हती. तिचा स्ट्रायकर कशालाही न लागता थेट भोकात जायचा आणि ती पावडरला दोष द्यायची. तरी दर रविवारी दोघं समोरासमोर बसायचे, आणि ती दर रविवारी हरायची.

निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, ही लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जायला लागली. इस्त्रीची वायर बदलायला म्हणून गेली आणि पत्त्यांच्या जोडाएवढा एक हिरवा बोर्ड घेऊन आली. तो म्हणे अख्खा कॉम्प्युटर! टीव्हीला जोडायचा, कीबोर्ड लावायचा, की झाला सुरू. दुकानदाराने कौतुकाने विचारलं, "नातवासाठी का, मॅडम?" तर ही म्हणाली, "नाही, सासूसाठी." सासू जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मग व्हिडिओ बघून, चुकून, पुन्हा करून तिने पहिलं काय बनवलं, तर नळाला पाणी आलं की शिट्टी मारणारं यंत्र. त्या शिट्टीने अख्खा मजला उठायचा. लोकांनी आधी शिव्या दिल्या आणि नंतर शिट्टी वाजली नाही की तक्रार करायला लागले. मी तिला म्हणायचे, "या वयात हे उद्योग कशाला?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "तुझ्यासारखं नुसतं बसून माझे गुडघे धरतात."

आणि मग वसंतरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधाराने चालण्याइतका सुधारला, बोलणं एकेका शब्दापुरतं परत आलं, पण उजवा हात मात्र नुसता पडून राहिला. व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिने स्पष्टच सांगितलं होतं, सगळ्यात आधी अंगठा हलायला हवा; तो हलला तर पुढचं सगळं जमेल, आणि हात वापरलाच नाही तर तो कायमचा गेला म्हणून समजा. पण वसंतरावांनी हट्टच धरला. ज्या हाताने रेघ मारली, क्वीन घेतली, त्या हाताने लहान मुलासारखा रबरी चेंडू दाबायचा, हे त्यांना सोसेना. चेंडू त्यांनी डाव्या हाताने गॅलरीतून खाली टाकून दिला. 'नको' हा शब्द त्यांना सगळ्यात चांगला यायला लागला. उजवा हात ते शालीखाली झाकून बसायचे. डाव्या हाताने जेवायची त्यांना लाज वाटायची, म्हणून समोर कोणी असलं तर जेवायचेच नाहीत. सुलू भरवायची. एकदा आम्ही दोघीच भाजी निवडत होतो तेव्हा ती म्हणाली, "मंगे, मी आहे तोवर भरवीन गं. पण मी आधी गेले तर? ह्या माणसाला स्वतःच्या हाताने चार घास खाता आले पाहिजेत. बाकी मला काही नको." मी तिला 'असलं अभद्र बोलू नकोस' म्हणून दटावलं. तिने माझ्याकडे लक्ष दिलं नाही आणि शेंगा सोलत राहिली.

थोड्या दिवसांनी गेले तर टीव्हीवर कॅरमचा पाट मांडलेला! त्या हिरव्या बोर्डात तिने कॅरमचा खेळ भरला होता. खेळायला एक बिनतारी कंट्रोलर आणला होता, मुलं व्हिडिओ गेमला वापरतात तसला. डाव्या अंगठ्याने नेम धरायचा, बटण दाबलं की स्ट्रायकर सुटणार. तार नको, कारण ती काठीत अडकते. पण बिनतारी म्हणजे आधी त्या दोन यंत्रांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. कंट्रोलरची दोन बाजूंची दोन बटणं एकदम दाबून धरायची, त्याचा दिवा भराभर लुकलुकायला लागला की कॉम्प्युटर त्याला शोधतो आणि आसपास जे जे सापडेल ते पडद्यावर दाखवतो. त्यातलं आपलं निवडायचं. आता गिरगावातली ती इमारत, भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं. पडद्यावर निम्म्या मजल्याची यंत्रं येऊन बसली, आणि नावं कसली, तर नुसते आकडे आणि अक्षरं. मी म्हटलं, "नीट बघून निवड." "नंबराच्या बाबतीत तू मला शिकवू नकोस," असं म्हणत तिने ठासून एक निवडला, आणि कंट्रोलर चालेना म्हणून त्याच्याखालचा दुसराही निवडला. वसंतरावांनी अनिच्छेने स्ट्रायकर सोडला. आमच्याकडे आवाजच नाही. शेजारी परबांचा अभंग चालला होता तो मधेच तुटला आणि तिकडून 'खाट्‌' करून सोंगट्या फुटल्याचा आवाज आला. परब टॉवेलवरच धावत आले. "वहिनी, आमच्या स्पीकरात कॅरम कोण खेळतंय?" सुलूने कपाळावर हात मारला. "राँग नंबर लागला हो!" वसंतराव हसले. वाकड्या झालेल्या तोंडाने, पण चांगले खळखळून. आजारपणानंतरचं ते पहिलं हसू. सुलू घाईघाईने स्वयंपाकघरात गेली, पाणी पिऊन आले, म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते.

त्या दिवसापासून दुपारच्या चहानंतर कॅरम सुरू झाला. मात्र ती ओळख रोज नव्याने करून द्यावी लागे. बोर्ड सुरू केला की आधी दोन बटणं. डावीकडचं वसंतराव दाबायचे आणि उजवीकडचं सुलू. काही दिवसांनी तिचे हात नेमके त्याच वेळी पिठाचे असायला लागले. "अहो, तुमचा अंगठा ठेवा ना जरा त्या बटणावर, मी आलेच." व्यायामाला नकार देणारा माणूस कॅरमसाठी मात्र डाव्या हाताने उजवा हात उचलून कंट्रोलरवर ठेवायला लागला. मग सुलू शेजारी येऊन बसायची, त्यांच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवायची आणि वरून दाबायची. एरवी ही बाई घरात कधी टेकलेली मला आठवत नाही. मी भाबडेपणाने म्हटलं, "अगं, एवढी शहाणी तू, रोजचं हे झेंगट एकदाचं मिटवता येत नाही का?" तिने मला हाताला धरून गॅलरीत नेलं. "येतं. एका ओळीचं काम आहे. कॉम्प्युटर विचारतो, ह्याला नेहमीचा आपला माणूस समजू का? हो म्हटलं की पुन्हा ओळख नको, काही नको. मी मुद्दाम नाही म्हणून ठेवलंय." आणि मग माझा दंड चिमटीत धरून म्हणाली, "बोललीस तर बघ. त्यांना कळलं की हा व्यायाम आहे, तर तो कंट्रोलरसुद्धा चेंडूच्या मागनं खाली जाईल."

मी बोलले नाही. वर्षभर दुपारी कधीही गेलं तरी ती दोघं सोफ्यावर एकमेकांना चिकटून बसलेली दिसायची. तिचं बोट त्यांच्या अंगठ्यावर, दोघांची नजर त्या इवल्याशा दिव्याकडे. संक्रांतीनंतर ती एकटीच माझ्याकडे माहीमला आली, ती आमची शेवटची भेट. तिळगुळाचा लाडू हातात तसाच धरून बसली होती. "नाही गं येत त्यांचा अंगठा," म्हणाली. "मला वाटायचं, कधीतरी खालून जोर लागेल. रोज वाट बघते. पण अजून माझंच बोट दाबतंय." सुलू अशी हरल्यासारखी बोलत नसे. मी म्हटलं, "येईल गं, धीर धर." ती डोळे पुसून उठली आणि जाता जाता माझ्या फॅनच्या रेग्युलेटरला नावं ठेवून गेली.

ती गेल्यावर मुलगा आला, निखिल. तो बंगळूरला इंजिनीअर आहे. कामावर सुट्टी टाकून वडिलांपाशी राहिला, स्वयंपाकाला बाई लावून दिली, औषधांचं बघितलं. गुणी मुलगा. दिवसकार्य आटोपल्यावर त्याने आईचा तो बोर्ड लावला आणि रोजची ओळख करून द्यायला लागते हे बघून चक्रावला. "मावशी, आई एवढी हुशार, आणि हे साधं सेटिंग कसं राहिलं तिच्याकडून?" असं त्याने मला फोनवर विचारलं आणि मी काही म्हणायच्या आत सांगून टाकलं, "मी केलं ते. आता बाबांनी एक बटण दाबलं की लगेच सुरू होतं." पोराने चांगल्या मनाने केलं होतं. दोनचार दिवसांनी त्याचाच पुन्हा फोन. बाबांनी कंट्रोलर हातात घेतला, दिवा झटकन लागला, टीव्हीवर पाट आला. त्यांनी तो बघितला, कंट्रोलर टीपॉयवर पालथा घातला आणि गॅलरीत जाऊन बसले. तेव्हापासून हात लावलेला नाही. जेवणही जेमतेम. उजवा हात पुन्हा शालीखाली. "एवढं सोपं करून दिलं तरी खेळत नाहीत, मावशी… काय करू?"

मी गेले. निखिलला स्वयंपाकघरात घेऊन सगळं सांगितलं. सुलूला दिलेला शब्द मोडला, पण ती असती तर तिनेच माझ्या पाठीत धपाटा घालून मोडायला लावला असता. निखिल ओट्याला टेकून ऐकत होता. "म्हणजे तिने मुद्दाम…" एवढंच म्हणाला आणि तोंड धुवायला मोरीत गेला. बाहेर येऊन त्याने कीबोर्ड घेतला आणि केलेलं सेटिंग पुसून टाकलं. मग वडिलांना हाताला धरून सोफ्यावर आणलं. "बाबा, पुन्हा जोडायला लागणार आता. डावीकडचं तुम्ही दाबा, उजवीकडचं मी दाबतो." तो सुलूच्या जागी बसला आणि त्याने बोट पुढे केलं.

"नको रे," वसंतराव म्हणाले. त्यांनी कंट्रोलर मांडीवर ओढून घेतला. शाल बाजूला केली आणि डाव्या अंगठ्याने डावीकडचं बटण धरलं. उजवा हात डाव्याने उचलला नाही… तो आपला आपणच, थरथरत, पण वाट माहीत असल्यासारखा सरकत कंट्रोलरवर आला. अंगठा बटणावर टेकला. वाकला. नखाची कड पांढरी पडेपर्यंत त्यांनी तो दाबून धरला आणि दिवा भराभर लुकलुकायला लागला.

निखिलने एका हाताने तोंड दाबून दुसऱ्याने पडद्यावर आपला कंट्रोलर निवडला. मी विचारलं, "वसंतराव, हे कधीपासून?"

"दिवाळी," ते म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. तो नंतर झाला, घरी गेल्यावर, पुष्कळ झाला. त्या वेळी मात्र मला त्या माणसाचा भयंकर राग आला. संक्रांतीनंतर माझ्या घरात लाडू हातात धरून बसलेली सुलू मला दिसत होती. "दिवाळीपासून? अहो, ती तुमच्या या अंगठ्याची वाट बघत गेली हो! रोज बघायची. एकदा, फक्त एकदा खालून दाबून दाखवायचं होतं तिला. का नाही सांगितलंत?"

वसंतरावांना शब्द जुळवायला वेळ लागतो. टीव्हीवर पाट येऊन थांबला होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. ते आपल्या अंगठ्याकडेच बघत होते.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तिने… हात काढला असता."