प्लेटीतलं काळं आणि पांढरं

मी चौथी शिकलेला. तरी नागपूरच्या त्या दवाखान्यात, एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत प्लेटा धुण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन. धुण्याच्या औषधाचा आंबट वास जेवतानाही बोटांना यायचा. आता सगळं पडद्यावर दिसतं म्हणे. त्या ठिबकणाऱ्या प्लेटा गेल्या, तो वासही गेला. पुन्हा मिळाला तर छाती भरून घेईन.

"प्लेट धू, पेशंटशी बोलू नको," असा मला हुकूम होता. तो मी कधी पाळला नाही.

एकदा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये राखेवर काम करणारा माणूस बायकोसोबत आला. खोकला होता. त्याची प्लेट मी दाराशी वाळत टांगली. ती पाहून तो बाकावर मटकन बसला.

"पाह्य वं, अख्खी छाती काळी! राखच भरली. आता नाही करत मी ते काम. आजच राजीनामा देतो."

पक्की नोकरी, राहायला क्वार्टर, सगळं सोडायला निघाला होता. बायको रडायला लागली. मला राहवलं नाही.

"काहून घाबरून राहिला गा? लग्नातल्या फोटोची फिल्म पाह्यली कधी? तिच्यात काळे केस पांढरे दिसतेत. हेही तसंच. हाडं पांढरी, हवा काळी. फुप्फुसात हवाच पाहिजे नं? मंग काळं ते चांगलं."

त्याला जरा धीर आला. बायको मात्र प्लेटीजवळ गेली होती.

"मंग हा पांढरा ठिपका कायचा जी, भाऊ?"

तो मी पाहिलाच नव्हता. हवेच्या जागी पांढरं म्हणजे काही तरी आहे, एवढं मला कळत होतं. काय आहे, ते नाही. खोटं बोलवेना. शिव्या खायच्या तयारीनं दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो आणि मी काय बोललो तेही सांगून टाकलं.

डॉक्टरांनी प्लेट उजेडावर धरली, त्याची जुनी दुखणी विचारली. "कॅल्सिफाइड आहे. जुनं आहे, भिऊ नका. थुंकी तपासायला द्या, खोकल्याचं औषध घ्या आणि कामावर नाकातोंडाला फडकं बांधा."

दोघं माझ्याकडे पाहू लागले. डॉक्टरही पाहत म्हणाले, "सांगा आता. सुरुवात तुम्हीच केली नं?"

"लहानपणी कधी आत जखम झाली असन," मी म्हणालो. त्या शब्दाचा अर्थ मी डॉक्टरांकडूनच कधी तरी ऐकला होता. "ती भरली, वरून चुना बसला. गुडघ्यावर वण राहते नं, तसा हा आतला वण. राखेचा नाही."

"म्हणजे उद्या ड्युटीवर जाऊ?"

"उद्या काहून?" बायको डोळे पुसत म्हणाली. "आज दुसरी पाळी हाय नं तुमची. उठा, बस निघून जाईन."