साडभाऊ आणि अडलेली दुसरी गोळी

बिघडलेली वस्तू समोर आली की ज्याच्या चेहऱ्यावर दिवाळी पसरते असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझाच साडू निघाला. चांगल्या चालणाऱ्या वस्तूत त्यांना काडीचा रस नसे. घड्याळ बरोबर वेळ दाखवत असेल तर ते भिंतीवरच्या डागासारखं. बंद पडलं की मात्र साडभाऊ खुर्ची ओढून त्याच्याखाली बसलेच. माझी सासुरवाडी तिरोड्याची. तिथं माझ्या मेहुणीला पाहायला ते आले तेव्हा घरातली शिलाई मशीन दोरा तोडत होती. पोहे येईपर्यंत त्यांनी मशीनचं पोट उघडलं, चहा येईपर्यंत सगळे भाग रुमालावर मांडले, आणि मुलगी समोर येऊन बसली तेव्हा मान वर न करता तिला विचारलं, "हे बॉबिन कोणी बसवलं जी?" ती म्हणाली, "मीच." "उलटं बसवलं. काऊन?" पुढं कित्येक वर्षं मेहुणी सांगत असे की हा माणूस मशीन पाहून पसंती कळवून गेला, मी आपली मशीनसोबत आले.

पोलिसात ते आर्मरर होते, म्हणजे शस्त्रांची डागडुजी करणारे हवालदार. मीही पोलिसातच, पण माझा जन्म टेबलावर गेला. मी चौकीचा रायटर, कागद रंगवणारा. साडभाऊ मला नावानं कधी हाक मारत नसत, रायटरच म्हणत. खाकी शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी त्यांचा जुना दात घासायचा ब्रश असे आणि बोटांना तेलाचा वास कायमचा. लग्नाच्या पंगतीत जिलेबी हातात घेतली तरी आधी नाकाशी नेत. माझी बायको म्हणायची, "भाऊजी, तेल चांगलं हाय." ते म्हणायचे, "तेल चांगलं हाय, पण फडक्यातून सुटताना जिलेबीचा धागा एका जागी जाड झाला हाय. काऊन झाला असंल?" त्यांच्या 'काऊन'ला, म्हणजे त्या 'का?'ला, वाढणारे, आचारी, नवरदेवाचा बाप, सगळेच भीत. ते येणार म्हटलं की आमच्या घरचा स्टोव्ह माळ्यावर जाई, कारण मागच्या खेपेला तो सुधारला तेव्हापासून तो फक्त त्यांच्याच हातानं पेटत असे.

गोंदिया जिल्हा तेव्हा नवा-नवा झाला होता आणि मी चिचगडकडच्या रानातल्या एका चौकीत होतो. मोहाची फुलं गळायचे दिवस. पहाटे गस्त घालून परतताना आमचे दोन शिपाई, मडावी आणि राऊत, थोडे मागं राहिले आणि मोहाखाली फुलं खात बसलेल्या अस्वलानं राऊतला गाठलं. मडावीनं हवेत एक गोळी झाडली. अस्वल हललं नाही. दुसरी गोळी आलीच नाही. मडावीनं पुढची गोळी नळीत घ्यायचा दट्ट्या ओढला, पुन्हा ओढला, शेवटी रायफल उलटी धरून दस्त्यानं अस्वलाला झोडपलं, तेव्हा ते पळालं. राऊत वाचला, पण त्याचा खांदा फाटला होता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "एक गोळी ऐकू आली. मंग बराच वेळ काहीच नाही. तेवढ्या वेळात हा काय करून राहिला होता?"

हा प्रश्न चौकीभर फिरला. मडावी सांगे, रायफल अडली. आमच्या साहेबांनी तीच रायफल घेतली, मॅगझिनच्या पेटीतून एक मॅगझिन, म्हणजे रायफलीला खालून लावायचा गोळ्यांचा डबा, उचललं, त्यात चार-पाच राउंड, म्हणजे गोळ्या, भरल्या आणि नाल्याच्या काठावर झाडून पाहिल्या. धडाधड सगळ्या गेल्या. पुन्हा झाडल्या, पुन्हा गेल्या. साहेब मडावीकडं पाहून नुसते हसले, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं. मडावी भ्याला आणि आता हत्यारावर ढकलतो, असं ठरलं. मेसमध्ये त्याच्याशेजारी कोणी बसेना. मग तोही ताट घेऊन बाहेर चिंचेखाली बसू लागला. वरून चौकशी लागली, निलंबनाची बोलणी सुरू झाली, आणि हत्यार तपासून अहवाल द्यायला गोंदियाहून साडभाऊ आले.

आले ते माझ्याच घरी उतरले. बायकोनं स्टोव्ह लपवला, पण या वेळी त्यांचं लक्षच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी रायफल खोलून चादरीवर मांडली आणि संध्याकाळी जेवताना जाहीर केलं, "गॅस कमी पडून राहिला रायटर. गोळी सुटली की तिचाच गॅस बोल्टाले मागं ढकलते, मंग बोल्ट पुढं येताना दुसरा राउंड नळीत लोटते. धक्का कमी पडला की बोल्ट अर्ध्यातून येते, मंग दुसरा राउंड त्याले भेटतच नाही." सकाळी तपासलं, गॅस बरोबर होता. साडभाऊ खूश! दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडाशी धूळ असावी असं ठरलं. धूळ नव्हती, ते आणखी खूश. तिसऱ्या दिवशी संशय मागच्या स्प्रिंगवर गेला आणि ती तर नव्यासारखी निघाली. मी चिडून म्हटलं, "साडभाऊ, तिकडे एका माणसाची नोकरी जाऊन राहिली आणि तुम्ही मजा घेऊन राहिले." त्यांनी भाताचा घास हातातच ठेवून माझ्याकडं पाहिलं. मी परक्या भाषेत बोलतो आहे, असं ते पाहणं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी रायफल पुसून ठेवली, चहा घेतला, आणि चिंचेखाली बसलेल्या मडावीला हाक मारली.

"त्या दिवशी मॅगझिन भरलं होतं, तसं भर."

मडावीनं नकली राउंड घेतले, सरावाचे, दारू नसलेले. एक-एक दाबत तो भरतच राहिला.

"थांब, थांब. किती भरतं गा?"

"पूर्ण जी. गस्तीवर पूर्णच भरतो."

"हे मले काऊन नाही सांगतलं?"

"कोणी विचारलंच नाही जी."

साडभाऊंनी कपाळावर हात मारला. राउंड महाग, म्हणून तपासताना साहेबांनीही चार-पाचच भरले होते आणि यांनीही. आता त्यांनी मॅगझिनची अख्खी पेटी अंगणात ओतली. रायफल ज्याची त्याला नंबरानं मिळते, पण गस्तीवरून आल्यावर मॅगझिनं सगळ्यांची एकाच पेटीत पडत. एक-एक काठोकाठ भरायचं, रायफलीला लावायचं, हातानं दट्ट्या ओढून राउंड पुढं सरकतात का बघायचं. बरीचशी मॅगझिनं सुरळीत गेली. मग एक असं आलं, की पहिला राउंड गेला आणि दुसरा वर आलाच नाही. बोल्ट मोकळाच पुढं गेला. साडभाऊंनी ते मॅगझिन काढून अंगावरून बोट फिरवलं आणि खालच्या बाजूला त्यांचं बोट थांबलं. तिथं पत्र्याला पोचा होता, एवढासा, दिसायचाही नाही. "या रे, या इकडे सगळे!" ते ओरडले. "आत राउंडच्या खाली एक पाटी असते, स्प्रिंग तिले वर लोटते. पूर्ण भरलं का पाटी पोच्याच्या खाली जाते आणि वर येताना अटकते. चार-पाचच भरले तर पाटी आधीपासूनच पोच्याच्या वर. मंग काय अटकंल? तुम्ही तपासलं ते बी खरं, हा म्हणते ते बी खरं!"

मडावी जागीच खाली बसला. साहेब आत गेले. आणि तेवढ्यात मागून राऊत पुढं आला. दोनच दिवसांपूर्वी तो दवाखान्यातून परतला होता, हात गळ्यात बांधलेला.

"ते माझ्यानं झालं जी," तो म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात चार फोडले होते मी मॅगझिननं. गोटा भेटला नाही जवळ."

चार म्हणजे चारोळीचं फळ; त्याची ती कठीण बी फोडायला रानात दगड लागतो, आणि यानं सरकारी मॅगझिन वापरलं होतं. आता साडभाऊ काय बोलतात म्हणून आम्ही सगळे त्यांच्याकडं वळलो. साडभाऊंचे डोळे चमकले.

"कितीक फोडले?"

"पायलीभर असंल."

"पायलीभर! आणि एकच पोचा? मॅगझिनच्या धारेनं फोडले का पोटानं?"

राऊत कसनुसा हसला. तो मडावीपाशी जाऊन उभा राहिला. "मडावी, मी दवाखान्यात भेटाले येणाऱ्या सगळ्यायले सांगत राहिलो..." मडावी खाली बघतच म्हणाला, "जाऊ दे. हात दुखते का अजून?" त्या दुपारी मेसमध्ये त्यांची ताटं शेजारी-शेजारी होती. साडभाऊंनी अहवालात कारण लिहिलं: मॅगझिनला पोचा. तो कसा पडला, हे त्यांनी लिहिलं नाही. जन्मभरात कारणाचं कारण त्यांनी सोडून दिलेलं मी तेवढंच पाहिलं.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. आम्ही दोघंही निवृत्त झालो. मधल्या काळात मेहुणी गेली आणि साडभाऊ एकटे तिरोड्याला राहू लागले. मी गेलो की आम्ही चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर जाऊन बसतो. एकदा असेच बसलो असताना ते एकदम म्हणाले, "रायटर, तुले एक सांगू? मले तो मडावी खोटाच वाटला होता."

मी चमकलो. "मंग चार दिवस कायले शोधत राहिले?"

"रायफलीत दोष नाही, हे पक्कं करून घ्याचं होतं. त्या दिवशी चहा पिऊन मी तसंच लिहून देणार होतो. मंग सहज मनात आलं, एकदा त्याच्याच हातानं मॅगझिन भरून पाहू म्हणलं." ते माझ्याकडं वळले. "सहज गा. त्याच्यासाठी नाही."

समोर पाणी संथ होतं, पलीकडच्या धानाच्या बांधावर बगळे उतरत होते. साडभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून त्यांच्याकडं पाहत होते.

"तो मडावी आता कुठं असते, तुले माहीत हाय का?"

मला माहीत नव्हतं.

"विचारून ठेवजो," ते म्हणाले. "बरा हाय का, एवढंच विचारजो."