डाव्या हाताचा घास

चुलतभावाच्या लग्नाच्या पंगतीत माझे वडील, आबा, डाव्या हाताने भात कालवत होते. अर्धांगवायूनंतर त्यांचा उजवा हात मांडीवरच पडून असतो. वाढपी मोठ्याने म्हणाला, "आबा, उजवा कुठं ठेवला?"

"रजेवर आहे. येईल हळूहळू."

सगळी पंगत हसली. मी मात्र त्यांच्या कानाशी पुटपुटले, "आबा, उठा. घरी भरवते."

घरातली पहिली पदवीधर मी. त्यांचं तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तेव्हा हाताला तेल चोळत बसलेल्यांना बाजूला सारून त्यांना तडक दवाखान्यात नेलं ते मीच. ते मी गावभर मिरवते. पण बरा होणारा माणूस असाच दिसतो, चारचौघांत सांडत, चुकत. त्याची मला लाज वाटली.

आबा उठले नाहीत. ताट सरकू नये म्हणून त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं कशीबशी काठावर टेकवली. मग शब्द जुळवत म्हणाले, "तू कॉलेजात जायला लागलीस तेव्हाही लोक बघतच होते, पोरी. मी तुला घरी बस म्हटलं का?"