रावसाहेबांची पाचबारी का अडली

भाषणं मी पुष्कळ ठोकली आहेत. लोणावळ्याच्या बाजारात ठोकली, कान्ह्याला स्टेशनाबाहेर ठोकली, नवलाख उंबऱ्याला तर पारावर चढून इतकी ठोकली की शेवटी एक म्हातारी म्हणाली, "आता उतर रं बाबा, आमाला बसायचंय तितं." पत्रकांचं तर विचारूच नका. इतकं बोलून झालं, इतकं छापून झालं, पण एक गोष्ट या तोंडातून कधी बाहेर पडली नाही. आईजवळ नाही, चळवळीतल्या सोबत्यांजवळ नाही. तुमच्याजवळ बोलतो. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही — आणि तेच बरं आहे.

गोष्ट बंदुकीची आहे. दचकू नका, कोणी मेलं नाही. ज्याला मारायचं होतं ते रानडुक्करसुद्धा मेलं नाही! गेलं ते एका माणसाचं नाव. कासमचाचांचं. ते माझ्यामुळे गेलं, आणि हे त्यांना अजून माहीत नाही.

बाजाराच्या तोंडाशी चाचांचं दुकान. कुलपं, स्टोव्ह, शिवणयंत्रं, बंदुका — बिघडलेलं काहीही आणा. दुकान एवढंसं, आणि आत चाचा: मोठा देह, मोठा आवाज आणि त्याहून मोठ्या बढाया. "माझ्या हातून गेलेली बंदूक आणि सासरी दिलेली लेक, तक्रार घेऊन परत येत नाही!" हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचंच. त्यांच्या लेकी खरं तर महिन्याआड तक्रार घेऊन येत. बंदुका मात्र खरोखर येत नसत. चळवळीनं पोट भरत नाही, म्हणून मी त्यांच्या हाताखाली काम करी. सकाळी पाय ठेवला की सुरुवात, "या पुढारी! आज कुणाचं राज्य उलथायचं? का आधी हा स्टोव्ह उलथता?"

आता रावसाहेब. पेन्शनीत निघालेले बडे अंमलदार, टेकडीवर बंगला. दरसाल भात झोडणीच्या ऐन दिवसांत हे टाकवे बुद्रुकच्या शेतकऱ्यांना रानात हाक्याला जुंपत. डबे बडवायचे, डुकरं उठवायची, रावसाहेबांच्या नळीपुढं आणून घालायची. मजुरी? नाव काढू नका! तिकडे खळ्यावर भात उघडं पडलंय, पाखरं खाताहेत, आणि इकडे एका माणसाच्या हौसेपायी अख्खं गाव — पाहा, लागलो पत्रक बोलायला. राग माझा खरा होता. आजही आहे, त्यातला शब्द मागे घेत नाही. कबुली निराळ्याच गोष्टीची आहे.

मग त्याच रावसाहेबांची बंदूक साफ कोण करत होतं, असं तुम्ही विचाराल. मीच. लाज वाटत होती का? खरं सांगू — अजिबात नाही. चीजच तशी होती! आपल्या दुनळीत दोन काडतुसं घालायची, दोन बार काढायचे, मग हातानं बिजागरीवर मोडून, म्हणजे उघडून, पुन्हा भरायची. ही पाचबारी स्वतःच स्वतःला भरून घेई. बार निघाला की त्या धक्क्यानं नळीच मागं सरके, रिकामी पुंगळी बाहेर उडे, पुढचं काडतूस वर येई, नळी परत जागेवर. आपण फक्त घोडा ओढत राहायचा. सगळा खेळ त्या सरकण्यावर. सरकणं जरा जड झालं की खेळ खलास.

आणि मी — कसं सांगू — ते जड केलं.

दसरा झाल्यावर आम्ही बाजारात विलायती कापडांची होळी केली. केली म्हणजे, करायला गेलो. पावसाळाभर लोणावळ्याच्या घराघरांत दमट झालेलं कापड ते. काड्यांची पेटी संपत आली तरी नुसता धूर. लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, "अरे, त्याला आधी वाळत घाला!" पुढाऱ्यावर लोक हसले तर पुढाऱ्यात काय राहिलं? मी धावत दुकानात गेलो, चाचांची बंदुकीच्या तेलाची विलायती बाटली उचलली आणि आणून ओतली ढिगावर. काय भडकली म्हणता होळी! विलायती तेलानं विलायती कापड जाळलं, यात मला तेव्हा काव्य दिसलं. चोरी दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगायचंच असं ठरवलं होतं. सांगितलं का? छे. आईच्या फडताळातलं खोबरेल नेलं आणि दुकानातली तेलाची झारी भरून टाकली. स्वदेशी तेल! विलायती तेलाला शिवणार नाही अशी शपथ मी त्या होळीपुढंच घेतली होती. तेल ते तेल, त्याला काय देश असतो? — असला विचार नेमका तिथंच सोयीचा वाटला. झारी पत्र्याची, चहाच्या शेगडीशेजारची तिची जागा, थेंबाथेंबानं गळणारी. आत काय आहे ते कोण बघतो? आणि वासाचं म्हणाल तर खोबरेलाचा वास आम्हा दोघांच्या डोक्यालाच येत होता.

त्या झारीनं पुढं कितीतरी दुनळ्या आणि कुलपं सुखात चालली. पाचबारी मी स्वतः उघडली, पुसली, नळीवर आणि आतल्या स्प्रिंगवर सढळ हातानं तेल सोडलं. चाचांनी भर दुपारी मागच्या माळावर पाच बार काढून पाहिले. टाकटाक पाचही गेले. "बघ पुढारी, निघाली लेक सासरी!"

मार्गशीर्षातल्या एका पहाटे हाका ठरला. आदल्या दिवशी मी टाकव्यात सगळ्यांना शपथ घ्यायला लावली होती: मजुरीवाचून हाका नाही. पहाटे जाऊन पाहतो तर अख्खं गाव डबे घेऊन रानाच्या वाटेला! सगळ्यांत मोठ्यानं शपथ घेणारा सखाबा सगळ्यांच्या पुढं. मी त्याला गाठलं.

"सखाबा, शपथ?"

"आवं, पाटील सोता दारात येऊन हुबा ऱ्हायला. न्हाई कसं म्हनायचं त्येला? शपत काय, पुन्यांदा घीऊ की."

मी काय करणार? हाक्याच्या मागोमाग भाषण करत निघालो. वेठ म्हणजे गुलामगिरी, उठा, जागे व्हा, डबे खाली ठेवा! थंडीनं दात वाजत होते, तरी बोलत होतो. सखाबा मागं वळून म्हणाला, "आसंच बोलत चला, भाऊ. डुकरं डब्यापरीस तुमालाच लय भ्यायलीत."

आणि खरंच डुक्कर उठलं. थेट रावसाहेबांच्या रोखानं. त्यांनी बार काढला, मातीत गेला. दुसऱ्यासाठी घोडा ओढला — काही नाही. पुंगळी अर्धी बाहेर, अर्धी आत, जणू बंदुकीनं ती दातांत धरून ठेवली होती. रावसाहेबांनी ओढून पाहिलं, आपटून पाहिलं, इंग्रजीत शिव्या दिल्या, मग मराठीत दिल्या. डुक्कर येतच होतं. रावसाहेब एक पाऊल मागं सरले, आणखी एक सरले, आणि तिसऱ्याला थेट ओढ्यात बसले. डुक्कर त्यांच्याकडे न बघता शेजारून निघून गेलं. आधी सखाबा हसला. मग गाव हसलं. मग शिकारीला आलेले रावसाहेबांचे पाहुणेही. त्या हशानंतर रावसाहेबांनी टाकव्याला पुन्हा कधी हाक्याला बोलावलं नाही.

मी परत येऊन पत्रक काढलं. टाकव्याच्या निर्धारापुढे बंदूक हतबल! लोकांनी हाका नाकारला, असं छापलं. शपथ मोडून डबे बडवत गेले, हे छापलं नाही. आणि शेवटी हशा पिकावा म्हणून एक ओळ घातली: रावसाहेबांनी निदान बंदूक दुरुस्त करणारा तरी बरा बघावा. चाचांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. ऐकून मोठ्यानं हसले. म्हणाले, "छान लिवलंस." आणि पुसून ठेवलेलंच कुलूप पुन्हा पुसायला घेतलं.

रावसाहेब टांग्यातून उतरले आणि भर बाजारात चाचांवर तोंड सोडलं. चाचांनी बंदूक ठेवून घेतली. लोणावळ्यात बंदूक अडली की आधी काडतुसावर संशय घ्यायचा, कारण दमट हवेनं त्याचा कागद फुगतो. चाचांनी काडतुसं बदलायला लावली. दुपारी माळावर पाच बार बिनबोभाट. बंगल्यावर पहाटे एक बार, आणि अडली. मग संशय नळीखालच्या पितळी कड्यावर. हलक्या काडतुसाला ते एका बाजूनं बसवतात, भारी काडतुसाला दुसऱ्या बाजूनं, आणि उलटं बसलं तर नळी पुरती मागं येत नाही. चाचांनी कडं फिरवलं. दुपारी पाच बार. पहाटे एक. मग स्प्रिंग बदलली. दर खेपेला ते सगळे भाग रॉकेलमध्ये लख्ख धूत आणि मायेनं नवं तेल देत — कुठलं? त्याच झारीतलं.

पोरं दुकानासमोरून ओरडत जाऊ लागली, "चाचा, लेक माहेरी आली वो!" बंगलेवाल्यांनी आपापल्या दुनळ्या उचलून नेल्या. शेवटी पाचबारी पुण्याला गेली. तिथं धुऊन दुसरं तेल दिलं असणार, दुसरं काय! चालायला लागली. झालं, चाचांना काही येत नाही हे सिद्ध झालं. बढाया थांबल्या. कधीकधी ते नुसते स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत बसत. मला म्हणाले, "पुढारी, वय झालं की हात खोटं बोलायला लागतात का रे?"

शपथेवर सांगतो, तोवर मलाही माहीत नव्हतं. — थांबा. शपथेवर कशाला? माझ्या शपथांचं तुम्ही पाहिलंच आहे. पण माहीत नव्हतं.

माहीत झालं ते असं. एका सकाळी अंघोळीआधी डोक्याला लावायला तेलाची बाटली उपडी केली. थेंब पडेना. तळहातावर आपटली, तरी नाही. उजेडात धरली, तर आत पांढरंशुभ्र, तुपासारखं थिजलेलं. मी तसाच उघड्या अंगानं कुडकुडत उभा राहिलो. पहाटे थिजतं, दुपारी वितळतं, आणि शेगडीशेजारच्या झारीत तर थिजतच नाही. दुनळी माणूस हातानं मोडतो, तिला काय फरक पडणार? पण जी बंदूक स्वतःच्या धक्क्यावर सरकते ती तुपातून कशी सरकेल? मला हसू फुटलं. खरंच हसलो, एकटाच, मोठ्यानं. आईनं आतून विचारलं, काय झालं रे? रावसाहेब माझ्या आईच्या खोबरेलानं ओढ्यात बसले होते! हसता हसता चाचांचे हात डोळ्यांपुढं आले.

सांगायला काय लागत होतं? चाचा, तेल मी बदललं. बस, एवढंच. पण त्या वाक्यामागून बाकीची येणार होती. तेल चोरलं होतं. टाकव्यानं हाका नाकारलाच नव्हता. बंदूक निर्धारानं नव्हे, थंडीनं अडली होती. तोवर कान्ह्याकडची, उंबऱ्याकडची माणसं ते पत्रक वाचून वेठीला खरंच नाही म्हणायला लागली होती. त्यांचा धीर खचेल, असं मी मनाशी म्हटलं. किती थोर विचार! साफ खोटा. लोक मला ओळखायला लागले होते. टाकव्याचा निर्धार घडवणारा तो हाच, असं म्हणत होते. मला ते गोड लागत होतं, एवढंच.

तरी त्या सकाळी मी निघालो होतो सांगायलाच. वाक्य तयार होतं, वाटेत दोनदा पुटपुटूनही पाहिलं. दुकानाशी आलो तर चाचा दारात शिडी लावत होते. हातात डांबराचा डबा. "बरा आलास, पुढारी," ते म्हणाले. "धर जरा." दुकानाच्या पाटीवर पहिलाच शब्द होता बंदूक. मी शिडी धरली. ते वर चढले आणि त्या शब्दावर कुंचला फिरवू लागले.

"दिसते का रे अजून?" त्यांनी वरून विचारलं.

मी मान वर करून पाहिलं.

"थोडी दिसते, चाचा," मी म्हणालो. "अजून एक हात मारा."