पडलेल्या भिंतीचे दगड

भूकंपात आमच्या घराची मागली भिंत वरच्या मातीच्या छतासगट, माळवदासगट खाली आली. मी तिच्याखाली सापडलो. शुद्धीवर आलो तेव्हा अंगणात खाटेवर होतो. पाय बरा होतो न होतो तोच आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हातात टोपलं दिलं.

ढिगाऱ्यातली लाकडं एकीकडं, दगड एकीकडं, आणि माती बैलगाडीनं रानात. जुन्या भिंतीची पांढरी माती म्हणजे खतच, हे त्यांचं बराबर होतं. पुढच्या साली त्या पट्ट्यात तूर डोक्याच्या वर गेली.

पण दगडांचं काय? पुन्हा दगडाच्या भिंती उभ्या करायची कुणाची छाती नव्हती. आमी पत्र्याखाली राहायला गेलो आणि दगडांचा ढीग दारात दहा-बारा वर्षं पडून राहिला. त्यातून विंचू निघायचे. कुणी बांधाला घालायला मागितले तरी आबा एक दगड देत नसत.

पुढं सिमेंटचं घर बांधायला काढलं, तर म्हणाले, "पाया याच दगडांनी भर." म्हणजे पुन्हा मीच वाहायचे. कंबर मोडून गेली. आबा खाटेवर बसून सांगायचे, हा चुलीमागचा, तो कोनाड्याखालचा. शेवटी माझं डोकं फिरलं.

"काहून वळखत बसता दगडं? एक तरी उचलून बघा!"

आबा उठले. ढिगातल्या एका लांबट दगडावर त्यांनी हात ठेवला.

"ह्याच्याखालून तुला काढलं व्हतं. ह्याला पार तळाला गाड. परत कुणाच्या डोक्यावर न्हाई जाऊ द्यायचा."