आबांचा पाईप

“ते ऱ्हाऊ द्या. जातंय कुठं, तेवढं सांगा.”

हे वाक्य बोलताना आबांचा उजवा हात हवेत उंच जायचा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली यायचा नाही. लासलगावच्या मार्केट यार्डात कांद्याचे लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली होती. यार्ड सुटलं, पण हात काही सुटला नाही. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत मेंटेनन्सचा विषय निघो की टाकीच्या पाण्याचा, आबांचा हात वर. मी तेव्हा सेक्रेटरी होतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा माझ्याच तोंडासमोर असायचा.

तुमच्याही इमारतीत असं एखादं माणूस असेल. ते मीटिंगला आलं नाही की आपल्याला हायसं वाटतं आणि चहा लवकर मिळतो.

आबांचा फ्लॅट मुलाने सजवून दिलेला. स्वयंपाकघराला भिंतच नाही. मधोमध ओटा, त्यात शेगडी, समोर दोन उंच स्टुलं. याला म्हणे आयलंड म्हणतात. मुलगा बेंगळुरूला, त्यामुळे राहणारी माणसं दोनच, आबा आणि आजी. आजींना दमा होता म्हणून स्वयंपाक आबा करत, आणि त्यांच्या हाताला काळा मसाला आणि मिरची यापलीकडे काही येत नव्हतं. फोडणीची वेळ झाली की आजी आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायच्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल. भाकऱ्या झाल्या की आबा दार वाजवायचे.

“थोडं बिनतिखटाचं करत जा ना,” मी एकदा सुचवलं.

“दम्यानं हिचा निम्मा श्वास नेला. आता चव बी त्यालाच देऊ का?” आबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी चिमणी घ्यायला निघाले. चार इंग्रजी शब्द कळणारा माणूस बरोबर हवा, म्हणून मला नेलं.

दुकानातल्या पोराने बटण दाबून चिमणीखाली कागद धरला. कागद वर जाऊन चिकटला. पोरगं खूश.

“मला कागद तळायचा नाय,” आबा म्हणाले. “धूर जातो कुठं?”

“मधल्या ओट्यासाठी हे छताला टांगायचं मॉडेल आहे काका. पाईपची कटकटच नाही. आत फिल्टर आहे, हवा स्वच्छ होऊन परत येते.”

“परत येती? कुठं?”

“घरातच.”

आबांचा हात वर गेला. “म्हंजे धुराला गावभर फिरवून तू परत माझ्याच घरात सोडणार! अरे, कांदाचाळीत हवा कोंडली की कांदा सडतो. माणसाचं काय येगळं हाय?” मग त्यांनी किंमत विचारली, आणि ती ऐकून तेवढ्यात गावाकडं अख्खी कांदाचाळ उभी राहते असं त्या पोराला सांगितलं. पाईपवाल्या, छताला टांगायच्या चिमणीची किंमत तर त्याहून वर होती. आम्ही पाणी पिऊन बाहेर पडलो.

तिथून आबा थेट भद्रकालीच्या बाजारात गेले. तिथे पत्र्याचं काम करणारे एक चाचा मिसळीच्या हॉटेलांना भट्टीवरचे पत्रे आणि पंखे बसवून देत. चाचांनी ओट्याचं माप ऐकलं आणि मान हलवली. “आबा, ये हॉटेल का काम है. घर में बहुत आवाज करेगा.”

“मी जन्मभर लासलगावात बोंबललोय. आवाजाचं मला नका सांगू.”

आठ दिवसांत ओट्यावर पत्र्याचं भलंमोठं नरसाळं लटकलं. दुकानातल्या किमतीच्या पावपटही खर्च आला नाही. अडचण एवढीच की पाईपला बाहेर जायला एकच भिंत होती, इमारतीच्या दर्शनी बाजूची. रस्त्यावरून येणाऱ्याला आमच्या सोसायटीच्या नावाआधी आबांचा पाईप दिसू लागला.

तक्रारी आल्या. मी नोटीस लिहिली, ‘इमारतीच्या दर्शनी सौंदर्यास बाधा’ वगैरे. मला माझी भाषा तेव्हा फार आवडली होती. संध्याकाळी आबांनी गॅलरीत उभं राहून ती नोटीस लिलावाच्या आवाजात अख्ख्या इमारतीला वाचून दाखवली. “सात दिवसांत काढून टाकावा! सात दिवस! बोला, आठ कोण म्हणतंय?” पार्किंगमध्ये हशा पिकला. मी चिडून वर गेलो.

दार उघडंच होतं. मधल्या ओट्यावर तवा तापत होता, आबा त्यात हिरव्या मिरच्या परतत होते, ठेच्यासाठी. वर चाचांचा पंखा घरघरत होता. मी सवयीने रुमाल नाकाला लावला आणि मग मला आजी दिसल्या. त्या समोरच्या स्टुलावर, तव्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं.

“अहो, अजून परता. कच्च्या हायेत,” आजी म्हणाल्या.

“बघा, आता हिला माझ्या चुका दिसाया लागल्या,” आबा मला म्हणाले. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. तसा तो मी आधी कधी ऐकला नव्हता. “सेक्रेटरी, लिलावापायी मी कधी येळेवर घरी जेवलो नाय. ही ताट झाकून ठेवायची. आता येळ हाय, तर ही दाराआड. काढायचाय ना पाईप? ते बटण हाय तिथं. तुम्हीच बंद करा. ही बसलीय समोर.”

त्यांनी हात वर केला नाही. मिरच्या परतत राहिले.

मी बटणाकडे पाहिलं. मग आजींकडे. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या, त्यांचं सगळं लक्ष मिरच्यांवर. मला माझ्या भाषेची लाज वाटली. दुसऱ्या स्टुलावर बसून मी ठेचा आणि बाजरीची भाकरी खाऊन आलो. ‘विषय विचाराधीन’ अशी रजिस्टरात नोंद केली, आणि मी सेक्रेटरी होतो तोवर तो विचाराधीनच ठेवला.

मागच्या वर्षी आबा गेले. दुपारी पेपर वाचता वाचता, काही न बोलता. त्यांनी काही न बोलता केलेली ती एकच गोष्ट असावी.

यंदा इमारतीला रंग द्यायचं ठरलं. पार्किंगमध्ये मीटिंग भरली. नवे चेअरमन म्हणाले, “आता ते राहिले नाहीत, तेव्हा तो पाईप काढून भोक बुजवून घेऊ.” माना हलल्या. आजी मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या.

“मी हाय ना अजून,” त्या म्हणाल्या. “आता मीच करती सैपाक.” आवाज इतका बारीक की पुढच्या रांगेपर्यंत पोचलाच नाही. चेअरमन पुढच्या विषयाकडे वळले.

तेव्हा माझा हात वर गेला.

“पाईप काढणार. ते राहू द्या. धूर जाणार कुठं, तेवढं सांगा!”

एवढा मोठा आवाज माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. चेअरमननी हात खाली घ्या अशी खूण केली. मी घेतला नाही. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि पाईपची ओळ खोडली.

इमारत आता छान बदामी रंगाची झाली आहे. पाईपच्या तोंडाखाली मात्र महिन्याभरातच तेलकट काळा ओघळ उतरला. रंगारी म्हणाला, पुसून देतो. मी नको म्हणालो.

संध्याकाळी मिरचीचा वास खाली पार्किंगपर्यंत येतो. गाडी लावता लावता मी शिंकतो आणि वर बघतो. आजी जेवायला बसत असतील.