शेऱ्याचा रकाना

माझ्या दादाला एखादं गाणं नीट ऐकायचं असलं की तो खोलीबाहेर जातो.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. गाणं लावायचं, उठायचं, शेजारच्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायचं आणि पलीकडे उभं राहायचं. कोणी विचारलंच तर म्हणतो, "गाण्यासमोर ठाण मांडून कोण बसतं? माणसं भांडी घासताना ऐकतात, दाढी करताना ऐकतात. भिंतीपलीकडून शब्द कळला पाहिजे. नाहीतर काय उपयोग?"

हे नुसतं खूळ नाही, नोकरीची सवय आहे. दादा बावीस वर्षं कॅसेटच्या कारखान्यात तपासनीस होता. मोठ्या रिळांवरून एका वेळी शेकडो कॅसेट भरल्या जायच्या. त्या एका खेपेला तिथे घाणा म्हणत. प्रत्येक घाण्यातली एक कॅसेट दादाच्या टेबलावर यायची आणि ती त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची. खरखर आहे का, एका बाजूचा आवाज दबलाय का, वेग कमीजास्त होऊन सूर हेलकावे खातोय का. सूर हेलकावला की म्हणायचे, गाणं पोहतंय. पोहणारं गाणं सापडलं की अख्खा घाणा परत. तिथे त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. त्याला 'कान' म्हणत. "कानाने पास केलं का?" असं साहेबसुद्धा विचारायचा.

त्याच्याकडे लांब वह्या असत. त्यात रकाने आखलेले: घाण्याचा नंबर, दोष, पास की नापास, आणि शेवटी शेरा. शेरा टेपबद्दल लिहायचा, पण दादा तिथे गाण्याबद्दल लिहायचा. एकदा साहेबाने बोलावून सुनावलं, "तुम्हाला पगार टेप ऐकायचा मिळतो, गाणं ऐकायचा नाही." दादाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून शेरे बारीक अक्षरात लिहायला लागला.

पुढे कॅसेट गेल्या, कारखाना गेला. वह्या रद्दीत जाणार होत्या, त्या त्याने उचलून घरी आणल्या. आता तो श्रवणयंत्रांच्या दुकानात काम करतो. एक आजोबा यंत्र घालून बघत म्हणाले, "बाकी सगळं छान ऐकू येतंय हो, नातवाची गाणी तेवढी कळत नाहीत." दादा म्हणाला, "मग यंत्र एकदम बरोबर बसलंय."

आजच्या गाण्यांबद्दल त्याचं मत आमच्या सगळ्या नातलगांना पाठ आहे. "चार शब्द आणि चाळीस धपाटे." आमच्या वेळची गाणी कशी, एकेक ओळ घासूनपुसून लख्ख केलेली, बावीस वर्षं रोज ऐकली तरी कंटाळा आला नाही वगैरे. तो आमच्याकडे आला की घरातले जेवताना मुद्दाम नवीन काहीतरी लावतात. मग दादा घास हातात धरून तसाच थांबतो. "हे बंद होईपर्यंत मी चावणार नाही," म्हणतो.

म्हणूनच मी त्याला फोन केला.

माझी लेक यंदा शिकून बाहेर पडली. पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेकडून तिला नेमणुकीचं पत्र आलं होतं. बुधवारपर्यंत होकार कळवायचा होता. पण पत्र टेबलावर तसंच पडलेलं, आणि ही आपली कानाला हेडफोन लावून बसलेली. दोन वर्षं ती खोलीत बसून गाणी करत होती. मला वाटायचं, छंद आहे, करू दे. आता म्हणायला लागली, "आई, मला एक वर्ष दे. नोकरी नको. नुसती गाणी करते."

एक वर्ष म्हणजे किती, हे बावीसच्या वयात कळत नाही. मी गाठोडंभर काळज्या घेऊन फिरणारी बाई, हे मला मान्य आहे. पण ही काळजी खोटी नव्हती. माझं आणि तिच्या बाबांचं सांगून झालं होतं. आमचं ऐकून तिने फक्त दार जरा जोरात लावलं होतं.

ती एकाच माणसाचं ऐकते, मामाचं. तिला वाटतं, घरात गाणं कळणारा तोच एक.

"दादा," मी म्हटलं, "रविवारी तिला घेऊन येते. ती तुला तिचं गाणं ऐकवेल. तू नापास कर."

"न ऐकता?"

"ऐक की. ऐक आणि मग नापास कर. नाहीतरी तुला आजकालचं काय आवडतं?"

मग म्हणाला, "बावीस वर्षांत कोणी सांगितलं म्हणून एक घाणा परत पाठवला नाही मी. ये तू. चहाला ये."

होही म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. वहिनी मशीनमधून काढलेले कपडे झटकत होत्या. लेकीने स्पीकर जोडला. वायर दोनदा चुकीच्या जागी लावली, तिचं मलाच वाईट वाटलं, आणि तरी मनात मी म्हणत होते, होऊन जाऊ दे एकदाचं. दादाने चष्मा काढून खिशात ठेवला. ऐकताना तो चष्मा काढतोच. गाणं सुरू झालं आणि पाचव्या सेकंदाला त्याने हात वर केला.

"थांबव. तुझं मशीन बिघडलंय."

"नाही रे मामा."

"अगं खरखर येतेय. आणि पोहतंय ते. ऐक, ऐक, तो सूर बघ कसा डुलतोय. दुरुस्तीला दे आधी."

लेक हसायला लागली. "बिघडलं नाहीये. ते मी घातलंय."

"काय घातलंय?"

"खरखर. आणि ते डुलणं. तसं मिळतं आता, वरून घालता येतं. जुन्या कॅसेटसारखं वाटतं ना. सगळे घालतात."

दादाने माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. कोणी चेष्टा करतंय का, हे तो बघत होता. मग हळूच म्हणाला, "बाई गं, ती खरखर बाहेर पडू नये म्हणून मी बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून बसलो. आणि तू ती विकत आणून घातलीस?"

"विकत नाही, फुकट मिळते," लेक म्हणाली.

वहिनींना हसू आवरेना. "बघा! तुम्ही नापास केलेले सगळे घाणे या पोरांनी उचलले!"

"पण का?" दादाला खरंच कळत नव्हतं.

"आठवणीसारखं वाटतं," लेक म्हणाली.

"कोणाची आठवण? तेव्हा तू जन्माला तरी आली होतीस का?"

तिने खांदे उडवले. दादा म्हणाला, "ते सगळं काढ. नुसतं गाणं असेल तर लाव."

तिने काढलं. दादाने ते तीन वेळा ऐकलं. एकदा समोर बसून, एकदा मधूनच कुठूनतरी सुरू करून, आणि तिसऱ्यांदा स्वयंपाकघरात जाऊन, दार लावून. ती तीन मिनिटं लेक दाराकडे टक लावून होती. मीही होते. गाणं कसं आहे हे मला कळतच नव्हतं. मी फक्त कडीकडे बघत होते.

तो बाहेर आला आणि म्हणाला, "नापास."

मला सुटल्यासारखं वाटलं. लगेच मी लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाटलं, हे मी काय मागून घेतलं!

"का?" तिने विचारलं.

"पहिलं कडवं दारातून येतं, शब्दन् शब्द. दुसरं येत नाही. आवाज येतो, शब्द पोचत नाहीत. तिथे तुला म्हणायला काही नव्हतं, म्हणून तू पुटपुटलीस आणि वर खरखर पसरलीस. चाल चांगली आहे. पण अर्धं गाणं केलंस आणि बाकी अर्ध्यावर पांघरूण घातलंस."

त्याने हे माझ्यासाठी म्हटलं नव्हतं, एवढं मला कळलं. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मला वाटलं ती रडेल. ती नाकपुड्या फुगवून बसली. मग म्हणाली, "वह्या आहेत ना तुझ्या? दाखव. तू आणखी कोणाकोणाला नापास केलंस ते बघू दे."

कपाटावरून वह्या खाली आल्या. धूळ झटकता झटकता वहिनी शिंकत होत्या. लेकीने मधलीच एक उघडली आणि ते बारीक शेरे मोठ्याने वाचायला लागली.

"'मागच्या आठवड्यातलंच गाणं, कपडे बदलून.' 'गाणाऱ्याला मध्येच झोप लागली असावी.' 'चाल बरी, शब्द भंगारात.' 'हे ऐकून जेवण गेलं नाही.' मामा, हे सगळं जुनं ना रे? ती लख्ख गाणी?"

"पुढे वाच," दादा म्हणाला. तो जरा पुढे सरकून बसला होता.

एका पानावर अठरा गाणी होती. लेकीने एकेक ओळ वाचायची आणि दादाने ते गाणं आठवायचं, असं सुरू झालं. अठरापैकी त्याला दोन आठवली. दुसऱ्या पानावर एक. तिसऱ्या पानावर एकही नाही. ही सगळी गाणी त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली होती, एकदा नव्हे, अनेकदा. आणि शेरा वाचूनसुद्धा त्याला चालीचा एक तुकडा आठवत नव्हता. तो मान हलवत राहिला. "गेली," म्हणाला. "पार गेली."

मग लेक एकदम थांबली. "मामी, हे तेच का? मामा रोज दाढी करताना म्हणतो ते?"

वहिनींनी वाकून पाहिलं. तेच होतं. ते गाणं आमच्या घरात सगळ्यांना येतं. जुन्या गाण्यांचा विषय निघाला की दादा त्याचंच उदाहरण देतो. शेऱ्याच्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, "नुसती ठोकाठोक. शब्द कळत नाहीत. तीन महिन्यांत लोक विसरतील. पूर्वीसारखी गाणी आता होणे नाही."

वहिनी कपड्यांच्या ढिगावर बसूनच हसल्या. "तीन महिने! अहो, तेहतीस वर्षं झाली, रोज सकाळी आरशासमोर उभे असता!"

दादाने वही हातात घेतली. चष्मा लावून वाचलं, काढून वाचलं. "त्या दिवशी माझं डोकं दुखत असेल," म्हणाला. मग तोच म्हणाला, "नाही. डोकंबिकं काही नाही. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. चांगली गाणी संपली असं मला तेव्हाच वाटत होतं. आमचे बाबा गुणगुणायचे, तीच खरी असं म्हणायचो."

"मग जुनी गाणी चांगली नव्हती?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मीही हेच म्हणत आले होते.

"होती ना. पण चांगली तेवढी राहिली. वाईट या वहीत आहेत, आणि वही कोण उघडतं? आजची वाईट गाणी रोज कानावर येतात, कालची मेली. मी कालची फक्त वेचलेली घेतो आणि आजचा अख्खा घाणा समोर ठेवतो. असं कधी तपासतात का?" मग म्हणाला, "तरीपण आमच्या वेळी शब्द ऐकू यायचे."

"'शब्द कळत नाहीत,'" वहिनींनी वहीतलं वाचलं.

लेकीचे डोळे चमकायला लागले होते. "म्हणजे तू नापास केलेलं गाणं तेहतीस वर्षं टिकलं. मग माझंही..."

"ए कार्टे," दादा म्हणाला, "या वहीत मी नावं ठेवलेली शेकडो गाणी आहेत. चुकलो ते एक सापडलं. बाकीच्यांत मी बरोबर होतो, म्हणून ती कोणाला आठवत नाहीत. तू स्वतःला त्या एकात धरू नकोस. दुसरं कडवं नीट कर."

"किती वेळ लागेल?"

"मला काय विचारतेस? मी फक्त ऐकणारा. पण शेजारच्या टेबलावर गाणी लिहिणारे एक जण यायचे, स्वतःच्या कॅसेटची चौकशी करायला. ते म्हणायचे, एक नीट कडवं जमायला त्यांना सात वर्षं लागली."

"सात?" लेक म्हणाली. आणि मग बोटांवर काहीतरी मोजायला लागली.

घरी येताना बसमध्येही तिचं मोजणं सुरूच होतं. मंगळवारी संध्याकाळी तिने प्रयोगशाळेला होकार कळवला. मला आनंदाने काही सुचेना. मी म्हटलं, "बरं झालं बाई, मामाने डोळे उघडले."

"हो," ती म्हणाली. "सात वर्षं लागणार असतील तर एक वर्ष मागून काय उपयोग? तेवढी वर्षं मला पगार लागेल."

मी जे मागितलं होतं ते मला मिळालं, आणि ज्यासाठी मागितलं होतं, म्हणजे तिची गाणी सुटावीत, ते कायमचं हातातून गेलं, हे समजायला मला थोडा वेळ लागला. मी दादाला फोन करून भांडले. तो म्हणाला, "तुला नापास हवं होतं, मी केलं. खरं केलं. खोटं केलं असतं तर ती रागावून सोडून गेली असती, तुला आणि गाण्याला. तू काळजी करायला मोकळी आहेस."

आता ती दिवसभर बाटल्यांतले पाण्याचे नमुने तपासते आणि संध्याकाळी खोलीत जाते. तीच ओळ पन्नास वेळा ऐकू येते. ही सात वर्षं कशी जातील, त्यात ती काय होईल, मला माहीत नाही, आणि दादालाही नाही. आठवड्यातून एकदा ती स्वतःची गाण्याची वही घेऊन त्याच्याकडे जाते. खरखर तिने कायमची काढून टाकली आहे.

आज संध्याकाळी मी भांडी घासत होते. तिने खोलीतून येऊन स्वयंपाकघराचं दार बाहेरून ओढून घेतलं. मी ओरडले, "अगं, दार का लावलंस?" पलीकडे गाणं सुरू झालं. मी नळ बंद केला.

मग तिची हाक आली, "आई, दुसरं कडवं येतंय का तिकडे?"

हातात साबणाचा फेस तसाच होता. छान आहे गं, असं तोंडावर आलं होतं. ते म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि मलाही.

"तिसरा शब्द नाही पोचला," मी म्हटलं. "परत लाव."